कॅन्यनमधलं चार दिवसांचं राफ्टिंग: जूनची सुरुवात की ऑगस्ट?

निमा_व

नमस्कार मंडळी. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही सात जण डोंगरातल्या एका नदीवर चार दिवसांचं राफ्टिंग करायचं म्हणतोय. दोन तास आरडाओरडा करून परत यायचं तसलं नाही, घळईत शिरायचं, रोज रात्री काठावर तंबू ठोकायचे आणि चौथ्या दिवशी पार खाली बाहेर पडायचं. नदी बर्फाच्या पाण्याची, वर कुठे धरण नाही, रॅपिड्स (उतारावरचं खवळलेलं, वेगवान पाणी) ग्रेड ३ ते ४ (१ सगळ्यात सोपं, ६ सगळ्यात अवघड) असं कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. नदीचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाहीतर सगळे त्या एका नदीवरूनच भांडत बसतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

तर घोळ असा झालाय की मी दोन कंपन्यांशी बोलले. एक म्हणते जूनच्या पहिल्या आठवड्यात या, पाणी एक नंबर असतं. दुसरी म्हणते तेव्हा आम्ही नवख्या लोकांना नेतच नाही, जुलै संपताना किंवा ऑगस्टमध्ये या. पहिल्या कंपनीच्या माणसाला विचारलं की हे असं का म्हणतात, तर तो हसला आणि म्हणाला त्यांच्याकडे गाइड चांगले नाहीत म्हणून. आता यातलं खरं कोण बोलतंय? आमची सगळ्यांची सुट्टी जुळते ती फक्त जूनमध्ये, म्हणून जीव तिकडेच ओढतोय.

सात जणांत दोघांना पोहता येत नाही (त्यातली एक मी), सासरे ६४ वर्षांचे, तब्येत खणखणीत पण बीपीची गोळी चालू. बाकीचे तिशी-चाळिशीतले. दोघांनी आधी एक दिवसाचं राफ्टिंग केलंय आणि त्यामुळे आता आपल्याला सगळं येतं अशी त्यांची ठाम समजूत आहे. महिना कुठला, पोहता न येणाऱ्यांनी जावं का, आणि कंपनीला नेमकं काय विचारायचं एवढं सांगा. सामानाची यादी नेटवर पन्नास ठिकाणी आहे, ती नको.

भोवरा

निमाताई, दोघंही खरं बोलत असतील, फक्त ते एकाच नदीबद्दल बोलत नाहीयेत. जूनमधली ती नदी आणि ऑगस्टमधली ती नदी यांचं नाव सारखं असतं, बाकी फारसं काही नाही.

बर्फ वितळून येणाऱ्या नदीला सगळ्यात जास्त पाणी साधारण वसंत संपताना आणि उन्हाळा सुरू होताना असतं, मग बर्फ संपत जातो तसं ते उतरतं. पण हिमनदीतून येणारं पाणी असेल तर गणित उलटं, तिथे ऐन उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टला नदी फुगलेली असते. म्हणून ‘बर्फाची नदी’ एवढ्यावर थांबू नका, साचलेला बर्फ की हिमनदी ते आधी विचारा. तुमची दुसरी कंपनी ऑगस्ट म्हणतेय त्यावरून बहुतेक साचलेल्या बर्फाचीच असावी.

आता कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न. ‘पाणी किती असतं’ असं नाही विचारायचं, त्याला ‘मस्त असतं’ हेच उत्तर मिळणार. विचारायचं, तुम्ही किती क्युसेकपासून किती क्युसेकपर्यंत बोट नेता आणि कुठल्या आकड्याला ट्रिप रद्द करता. आपल्याकडे पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाच्या बातम्या वाचून क्युसेक सगळ्यांना तोंडपाठ असतात, तेच हे. काही ठिकाणी आकडा क्युमेकमध्ये (सेकंदाला किती घनमीटर पाणी) देतात, त्याला साधारण ३५ ने गुणा म्हणजे क्युसेक होतात. जो माणूस रद्द करायचा आकडा पटकन सांगतो त्याच्याबरोबर जा. जो म्हणतो ‘आम्ही कधीच रद्द करत नाही’ त्याला नमस्कार करा. बऱ्याच मोठ्या नद्यांच्या प्रवाहमापक केंद्रांचे मागच्या कैक वर्षांचे आलेख नेटवर फुकट मिळतात, तुमच्या नदीचा मिळाला तर जूनचा पहिला आठवडा दरवर्षी कसा होता तेवढं बघा, एखाद्या वर्षी खूप बर्फ पडलेला असतो आणि एखाद्या वर्षी काहीच नाही, सरासरीवर जाऊ नका.

आणि जास्त पाणी म्हणजे फक्त लाटा मोठ्या असं नसतं. दोन रॅपिड्सच्या मध्ये जो संथ पट्टा असतो, जिथे पडलेल्या माणसाला ओढून घ्यायला वेळ मिळतो, तोच गायब होतो. कडेचे एडी म्हणजे जिथे पाणी उलटं फिरतं आणि बोट थांबवता येते त्या जागा बुडून जातात. कमी पाण्यात माणूस पडला तर पन्नास मीटरवर सापडतो, भरल्या पाण्यात पुढचं रॅपिडसुद्धा पोहूनच पार करतो. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्रँड कॅन्यनमधलं क्रिस्टल रॅपिड बघा. १९६६ च्या डिसेंबरमध्ये बाजूच्या घळीतून पुरात दगडधोंडे वाहून आले आणि तिथलं रॅपिड एकदम अवघड झालं. मग १९८३ ला वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं तेव्हा त्याच जागी अशी लाट उभी राहिली की मोटर लावलेल्या मोठ्या बोटीसुद्धा उलटल्या. दगड तेच, फक्त पाणी बदललं.

पुढचं ऐका म्हणजे माहितीपत्रकातल्या ग्रेडवर विश्वास किती ठेवायचा ते कळेल. १ ते ६ ची जी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात तिच्या अमेरिकन आवृत्तीतच लिहिलंय की पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा ट्रिप निर्जन भागातली अनेक दिवसांची असेल तर नदी एक ग्रेड वरची धरावी. तुमच्याकडे जूनमध्ये दोन्ही लागू. म्हणजे तुमचं ४ हे तुमच्यासाठी ५ आहे.

माझं मत ऑगस्ट. जूनच पाहिजे असेल तर तारीख धरून ठेवा आणि नदी बदला, सोप्या टप्प्याची शोधा.

सुसाट

भोवरासाहेब नेहमीप्रमाणे घाबरवतायत 😄 अहो ऑगस्टमध्ये जाऊन करणार काय, दगड मोजणार? पाणी उतरलं की राफ्ट खडकावर बसते आणि मग सगळ्यांनी उठून एका बाजूला उड्या मारत बसायचं. अमेरिकेत आयडाहोतल्या मिडल फोर्क सॅमन नदीवर उन्हाळा संपत आला की वरच्या टप्प्यात पाणी इतकं कमी होतं की लोक लहान विमानाने खाली जाऊन तिथून ट्रिप सुरू करतात, यावरून समजा. शिवाय दुपारी घळईत खालून वर वारा सुटतो, प्रवाह मंद असला की त्या वाऱ्याविरुद्ध वल्हवून वल्हवून हात गळून पडतात आणि बोट जागची हलत नाही. आणि कमी पाणी म्हणजे सोपं हा पण गैरसमज आहे, आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया फॉल्सच्या खाली तर पाणी कमी असतं तेव्हाच रॅपिड्स सगळ्यात खतरनाक असतात आणि लोक मुद्दाम तेव्हा जातात.

चांगला गाइड असेल तर जूनमध्ये बिनधास्त जा, आयुष्यभर लक्षात राहील.

भोवरा

झांबेझीचं बरोबर आहे आणि मी तेच म्हणतोय, की आकडा त्या त्या नदीचा असतो. पण झांबेझीचं पाणी कोमट असतं रे बाबा, तिथे पडलेला माणूस गारठत नाही. इथे बर्फ वितळून काही तास झालेलं पाणी आहे, दोघांना पोहता येत नाही आणि एक ज्येष्ठ माणूस आहे. तुझ्यासारख्या सहा जणांची टोळी असती तर मी पण जून म्हणालो असतो. ट्रिप ठरवताना सगळ्यात कच्चा माणूस कोण ते बघून ठरवायची असते.

बाकी दुपारच्या वाऱ्याचं तू म्हणतोस ते सोळा आणे खरं. त्यावर उपाय म्हणजे सकाळी लवकर निघायचं आणि वारा चढायच्या आत मुक्काम गाठायचा. शिवाय सगळ्यांनी वल्हवायची बोट न घेता मध्ये फ्रेम बसवून गाइड एकटा दोन लांब वल्ह्यांनी चालवतो ती बोट मागायची. निमाताई, सासऱ्यांना आणि पोहता न येणाऱ्यांना त्याच बोटीत बसवा, हात दोरीला घट्ट धरून ठेवता येतात. सगळ्यांनी वल्हवायच्या बोटीत कडेवर बसून झुकायला लागतं, नवखा माणूस पडतो तो तिथूनच.

औषधपाणी

थंड पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण लोकांना वाटतं बुडून मरतात, प्रत्यक्षात त्याआधी बरंच काही होतं.

एक-दहा-एक असं लक्षात ठेवतात. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, आपोआप धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात पाणी आत जातं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यानंतर बोटं दोरीसुद्धा धरत नाहीत. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. गारठून मरायची भीती सगळ्यांना असते पण खरा धोका त्या पहिल्या मिनिटात आहे आणि तिथे लाइफ जॅकेटच वाचवतं, पोहणं नाही. म्हणून पोहता येत नाही म्हणून जाऊच नये असं मी म्हणणार नाही. उलट पोहता येणारा माणूस जॅकेट सैल घालतो ते मला जास्त काळजीचं वाटतं. जॅकेट घातल्यावर कुणालातरी खांद्याच्या पट्ट्या जोरात वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही, पट्टे आवळा किंवा दुसरं मागा. रोज सकाळी, प्रत्येकाचं.

पण निमाताई, जाण्याआधी दोन महिने तलावावर जाऊन एवढं मात्र करा: जॅकेट घालून पाठीवर तरंगायचं आणि तोंडावर पाण्याचा हबका आला तरी न घाबरता श्वास सोडायचा. नदीत पडल्यावर हेच करायचं असतं, उताणं, पावलं पाण्याच्या वर आणि प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे खडक आला तर पायाने ढकलता येतो. श्वास लाटांच्या मधल्या खोलगट भागात घ्यायचा. आणि कितीही मोह झाला तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. गुडघाभर पाणी दिसतं म्हणून माणूस पाय टेकवतो, पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारा प्रवाह त्याला पुढे आडवा दाबून ठेवतो. काठाला हात टेकेपर्यंत आडवंच राहायचं.

याला एकच अपवाद, पुढे पाण्यात झाड पडलेलं दिसलं तर. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. ते चुकवता आलं तर पालथं होऊन जीव खाऊन बाजूला पोहायचं. नाहीच जमलं तर पाय पुढे ठेवून धडकायचं नाही, डोकं पुढे करून त्याच्याकडे पोहत जायचं आणि खोडावर चढायचं. जून महिन्यात वरून झाडं वाहून आलेली असतात, हा पण एक मुद्दा.

सासऱ्यांचं: जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ‘राफ्टिंगला चाललोय’ एवढंच सांगू नका, ‘चार दिवस दवाखाना नाही आणि बर्फासारख्या पाण्यात पडायची शक्यता आहे’ असं सांगा. थंड पाण्याच्या धक्क्याने बीपी आणि नाडी एकदम चढते, हृदयाचा त्रास असेल तर तिथेच भानगड होते. गोळी कुठली आहे ते पण महत्त्वाचं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर कडक उन्हात अंगातलं पाणी कमी होतं. काही गोळ्या नाडी चढू देत नाहीत. गोळ्यांचे दोन संच करून दोन वेगवेगळ्या बोटींत ठेवा, एक बोट उलटली तर दुसरा संच राहील.

कपडे सुती अजिबात नकोत. जीन्स तर नाहीच.

निमा_व

बापरे, सगळ्यांचे खूप आभार. औषधपाणी, तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सासरे म्हणाले ‘मी लहानपणापासून नदीत पोहतोय’ आणि पेपर वाचायला लागले. पण रात्री स्वतःहून विचारत होते ते जॅकेट ओढून बघायचं काय आहे म्हणून, म्हणजे ऐकलंय.

दुसऱ्या कंपनीला फोन करून आकडा विचारला. त्यांनी दोन आकडे लगेच सांगितले, कितीच्या वर ते नवख्यांना घेत नाहीत आणि कितीच्या वर बोटच टाकत नाहीत. पहिल्या कंपनीला तोच प्रश्न केला तर ‘मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका’. म्हणजे झालं.

आता जरा अवघड वाटतं विचारायला पण चार दिवस टॉयलेटचं काय करतात? आणि अर्ध्यात कुणाला परत यायचं झालं तर?

काठावरचा

अर्ध्यातून परत यायचं हा पर्याय घळईत बहुतेक नसतोच, दोन्ही बाजूंना उभे कडे. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकी शोधकाची तुकडी पहिल्यांदा ग्रँड कॅन्यनमधून उतरली तेव्हा ऑगस्टच्या शेवटी तिघं जण पुढचं रॅपिड बघून ‘आता पुरे’ म्हणाले आणि कडा चढून निघून गेले. ते परत कधी कुणाला दिसले नाहीत. आणि बाकीचे? ते दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. आता हेलिकॉप्टर असतं पण ते बोलवायला निरोप पोचायला हवा. मोबाइल चालत नाही हे धरूनच चाला, कंपनीकडे सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आहे का आणि ते कोणाच्या बोटीत असतं ते विचारा. तो माणूसच पाण्यात पडला तर दुसऱ्या कुणाला ते वापरता येतं का, हे पण.

टॉयलेट: नीट कंपनी असेल तर झाकण घट्ट बसणारा धातूचा डबा आणि वर सीट असं घेऊन जाते, मुक्कामापासून थोडं लांब आडोशाला लावतात, बहुतेक वेळा बघण्यासारखी जागा निवडतात 😀 आणि सगळं परत घेऊन येतात. घळईत माती कमी, वाळूचे मोजके काठ आणि त्यावर रोज वेगळी टोळी, तिथे खड्डा करून चालत नाही. लघवीचा नियम मात्र नदीप्रमाणे बदलतो, ग्रँड कॅन्यनसारख्या मोठ्या वाळवंटी नदीत ती नदीतच करायला सांगतात कारण कोरड्या वाळूत वास राहतो. तुमच्या गाइडला पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या, लाजण्यात अर्थ नाही, तो रोज सांगत असतो.

मला मुक्कामाबद्दल सांगायचंय. बर्फाची नदी रोज वरखाली होते. दुपारी ऊन लागून वर बर्फ वितळतो, ते पाणी वाहत तुमच्यापर्यंत यायला काही तास लागतात, म्हणजे अंतरानुसार संध्याकाळी किंवा थेट मध्यरात्री नदी चढते. मुक्कामाला पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा आणि जेवणं होईपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवा. काटकी पाण्यात गेली तर तंबू वर न्या. बोटी दोन ठिकाणी बांधलेल्या असाव्यात, आणि वल्ही, जॅकेटं काठावर पसरून झोपायचं नाही. आम्ही गेलो होतो तेव्हा एका गाइडने झोपायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक गाठ हाताने दाबून बघितली होती. पोरगा विशीतला असेल. मला त्याच क्षणी त्याच्यावर विश्वास बसला, दिवसभर रॅपिडमध्ये त्याने जे केलं त्यापेक्षा जास्त.

बाजूची घळ जिथे नदीला मिळते त्या तोंडाशी तंबू नको, जागा कितीही सपाट असो. ती सपाट झालीय तीच पुराने. बरेचसे रॅपिड्स पण तिथेच असतात, घळीतून आलेल्या दगडांनी नदी अडवलेली असते म्हणून. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि दहा किलोमीटर वर पाऊस पडलेला असतो. पाणी एकदम गढूळ झालं किंवा काटक्या, पालापाचोळा वाहून यायला लागला की कारण शोधत बसू नका, उठा आणि वर जा.

सुसाट

हे वाचून मी पण ऑगस्ट म्हणतो आता 😅 पण निमाताई, त्या दोन ‘अनुभवी’ लोकांना पहिल्या दिवशी पुढे बसवा. सगळ्यात जास्त पाणी तोंडावर येतं, दुपारपर्यंत शहाणे होतील. आणि गाइड ‘हाय साइड’ ओरडला की बोटीची जी बाजू वर उचलली गेलीय तिकडे सगळ्यांनी अंग टाकायचं, ओरडला की लगेच, ‘काय म्हणाला?’ विचारेपर्यंत बोट उलटलेली असते. सगळे इशारे निघायच्या आधी काठावर, कोरड्या बोटीत बसून दोन-तीनदा करून घ्या.

भोवरा

सुसाटने शहाणपणाचं लिहिलंय, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

कंपनीला विचारायचं राहिलेलं: किती बोटी असतील (एकटी बोट असेल तर नको, उलटली तर उचलणार कोण), बरोबर सेफ्टी कयाक (पडलेल्यांना गाठून मदत करणारी एका माणसाची छोटी होडी) आहे का, आणि गाइड त्याच टप्प्यावर याच हंगामात उतरलाय का. मागच्या वर्षीचा अनुभव चालत नाही कारण पुरात दगड हलतात. आणि पैसे भरायच्या आधी रद्द करायचा नियम लेखी घ्या, पाणी जास्त म्हणून त्यांनी रद्द केलं तर पैसे परत की पुढची तारीख, ते स्पष्ट असू द्या. ज्या कंपनीला रद्द केल्यावर सगळे पैसे सोडावे लागतात तिचा गाइड वाढत्या पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, माणूसच आहे तो.

निमा_व

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यावर आलोय. एका दिराला सुट्टी मिळत नाहीये म्हणून सहाच जण, तो फुगलाय, असू दे. तलावावर कालपासून जायला लागले, तोंडावर पाणी आलं की अजून दचकते पण तरंगतेय.

शेवटचा प्रश्न, मला उणे पाचचा चष्मा आहे. लेन्स घालू का?

औषधपाणी

लेन्स नको, नदीच्या पाण्याने डोळ्याला इन्फेक्शन होतं आणि लाटेच्या एका फटक्यात लेन्स निघून पण जाते. चष्माच घाला, मागून घट्ट बसणारी तरंगती पट्टी लावून. जुना चष्मा असेल तर तो डब्यात घालून दुसऱ्या बोटीतल्या ड्राय बॅगमध्ये (पाणी आत न जाणारी पिशवी), गोळ्यांच्या शेजारी. आणि ती बॅग बंद करताना आधी गुडघा टेकून हवा काढा, मग तोंडाला निदान तीन घड्या घाला, दोन घड्यांवर पाणी आत जातं.